फवारणीचा प्रश्न माशाला विचारा

प्रति,
मा. कुलगुरू,
संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती



हे पत्र शेंदूरजनाघाटातून लिहितो आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. वरुड-मोर्शीच्या या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणण्याची जुनी रीत आहे. खऱ्या कॅलिफोर्नियातून 2014 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो इथे कुणी फारसा वाचलेला नाही, पण त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. तिथल्या विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 970 मुलांच्या आया गरोदरपणी कुठे राहत होत्या ते नकाशावर मांडले आणि आसपासच्या शेतांत तेव्हा कोणते कीटकनाशक फवारले गेले होते, याच्या नोंदी शेजारी ठेवल्या. ज्यांच्या घरापासून साधारण दीड किलोमीटरच्या आत ऑरगॅनोफॉस्फेट जातीची औषधे फवारली गेली होती, त्यांच्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण सुमारे 60 टक्क्यांनी जास्त आढळले. या अभ्यासातून फवारणीमुळे स्वमग्नता होते हे सिद्ध होत नाही. दोन गोष्टी सोबत दिसतात, एवढेच कळते. पण ज्या तालुक्यात घर आणि बगीचा यांच्यात कित्येकदा एका धुऱ्याचेच अंतर असते, तिथल्या माणसाला एवढे कळल्यावर स्वस्थ बसवत नाही. माझी विनंती अशी की या प्रश्नाचा जो भाग प्रयोगशाळेत तपासता येतो, तो आपल्या विद्यापीठाने हाती घ्यावा आणि त्यासाठी झेब्राफिश हा बोटाच्या दोन पेरांएवढा मासा वापरावा.

मासा आणि स्वमग्नता हे दोन शब्द एकत्र वाचले की पहिली शंका येते ती रास्तच आहे. स्वमग्न मूल नजर देत नाही, उशिरा बोलते, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करते, आवाज-उजेड-स्पर्श त्याला वेगळे लागतात. यातले बोलणे माशाला नाही, आणि ज्या मेंदूच्या सालीवर माणूस विचार करतो ती सालही त्याला नाही. मग त्याच्याकडून काय कळणार? याचे उत्तर आमच्या रोपवाटिकेत सापडते. संत्र्याची कलम करताना डोळा भरतात तो जंबेरीच्या खुंटावर. जंबेरीला संत्री लागत नाहीत, तरी बगीच्याचे बरेवाईट त्या खुंटावर ठरते. डिंक्या रोग लागतो तो खुंटाला आणि वाळते ते झाड. फळाचा गोडवा तपासायचा तर जंबेरी निरुपयोगी, पण मूळ कशाने कुजते ते तपासायचे तर तिच्याकडेच जावे लागते. मेंदूचेही असेच आहे. मज्जापेशी कशा जन्मतात, कुठे सरकतात, एकमेकींना कशा जोडल्या जातात, आवरणाऱ्या आणि उत्तेजित करणाऱ्या पेशींचा तोल कसा बसतो, हा सगळा खुंट माणसात आणि माशात फार जुन्या काळापासून सामाईक आहे. 2013 साली झेब्राफिशची संपूर्ण जनुकसंहिता प्रसिद्ध झाली, तेव्हा माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना त्याच्यात किमान एक जोडीदार जनुक सापडले.

हा मासा परदेशातला नाही, आपल्याच उपखंडातला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतले डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात 1822 साली त्याची पहिली नोंद केली. ‘डॅनिओ’ हे त्याच्या शास्त्रीय नावातले पहिले पद धानावरून, म्हणजे भातखाचरावरून आल्याचे सांगतात. भाताच्या बांधीत, ओहोळात, संथ पाण्यात राहणारा, अंगावर निळे पट्टे असलेला हा मासा पुढे शोभेच्या टाक्यांतून अमेरिकेत गेला. ओरेगॉन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी 1981 साली त्याला प्रयोगशाळेचा प्राणी म्हणून जगापुढे आणले. आज मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत, हैदराबादेत सीसीएमबी या संस्थेत आणि बंगळुरूत एनसीबीएस या संस्थेत त्याच्यावर काम चालते. तेव्हा मी काही अघटित मागत नाही.

त्याची उपयुक्तता समजायची तर एका सकाळी त्याच्या टाकीपाशी उभे राहावे लागते. आदल्या संध्याकाळी एका डब्यात नर आणि मादी ठेवतात, मध्ये पारदर्शक पडदी. सकाळी दिवे लागतात, पडदी काढतात आणि त्या पहिल्या उजेडातच मादी अंडी टाकते. डब्याचा तळ जाळीचा असतो, कारण मायबाप स्वतःचीच अंडी खातात. अंडी जाळीतून खाली पडली की वाचतात. एका जोडीपासून शे-दोनशे अंडी सहज मिळतात. प्रत्येक अंडे मिलिमीटरहूनही लहान आणि काचेसारखे आरपार. साडेअठ्ठावीस अंश तापमानात ठेवले की दुसऱ्या दिवशी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे हृदय ठोके घेताना दिसते. दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर पडते आणि पाचव्या दिवशी भक्ष्यामागे धावू लागते. हे सगळे आईच्या पोटात नाही, उघड्या पाण्यात घडते. मेंदू घडत असताना पाण्यात काय मिसळले, किती मिसळले आणि कोणत्या तासाला मिसळले, हे संशोधकाच्या हातात राहते. उंदराच्या गर्भात हे साधणे अवघड, माणसात तर अशक्य. पिल्लाच्या मेंदूत सुमारे एक लाख मज्जापेशी असतात आणि 2013 साली अमेरिकेत त्यांतल्या बहुतेक पेशी एकाच वेळी चमकताना टिपल्या गेल्या. वागणूक तपासायला तर एवढीही यंत्रे लागत नाहीत. 96 खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत प्रत्येक खळग्यात एक पिल्लू ठेवायचे आणि ताटलीला टिचकी मारायची. डोळ्याचे पाते लवायच्या आत पिल्लू इंग्रजी सी अक्षरासारखे वाकून निसटते. तीच टिचकी पुन्हा पुन्हा मारली की निरोगी पिल्लू सरावते आणि दचकायचे थांबते. न सरावणारे पिल्लू वेगळे उठून दिसते. रोजच्याच आवाजाची सवय न होणे हा त्रास स्वमग्न मुलांच्या घरात सगळ्यांना ओळखीचा असतो.

या माशाने स्वमग्नतेच्या अभ्यासात आजवर काय दिले, तेही पाहावे. 2014 साली सीएचडी8 नावाच्या जनुकावरचा मोठा अभ्यास आला. हे जनुक बिघडलेल्या मुलांचे डोके मोठे असते आणि त्यांना बद्धकोष्ठाचा त्रास असतो. माशात ते जनुक दाबल्यावर डोके मोठे झाले आणि आतड्याची हालचालही मंदावली. 2019 साली शँक3 या दुसऱ्या जनुकाबाबतही तसेच दिसले: बदल केलेल्या माशांच्या पोटातून अन्न सावकाश पुढे सरकत होते. मुलाच्या पोटदुखीची तक्रार ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून उडवून लावली जाते, तिथे या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. येल विद्यापीठातल्या एलन हॉफमन यांच्या गटाने 2016 साली सीएनटीएनएपी2 हे जनुक बंद केलेली पिल्ले अभ्यासली. ती रात्रीही झोपत नव्हती, सारखी हलत होती, आणि झटके आणणाऱ्या औषधाला लवकर बळी पडत होती. मेंदूच्या पुढच्या भागात आवर घालणाऱ्या पेशी कमी होत्या. मग त्यांनी शेकडो औषधांच्या माशाच्या वागण्यावर उमटणाऱ्या खुणा ताडून पाहिल्या, तेव्हा बायोकॅनिन-ए नावाच्या वनस्पतिजन्य द्रव्याने ती रात्रीची अस्वस्थता शांत झाली. हे द्रव्य हरभऱ्यातही असते. तेवढ्यावरून कुणी मुलाला हरभऱ्याचे पाणी पाजू लागू नये. माशाच्या पिल्लातला परिणाम हा उपचार नसतो, पुढे शोध घ्यायची दिशा असते.

मासा शोधाची दिशा दाखवतो, हीच गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्याविरुद्ध जाणारा पुरावाही सांगतो. 2012 साली ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला. सोळाव्या गुणसूत्राच्या एका तुकड्याची कमतरता स्वमग्नतेशी जोडली जाते; त्या तुकड्यातले केसीटीडी13 हे एकच जनुक माशात दाबले की डोके मोठे होते, वाढवले की लहान होते, असा त्याचा दावा होता. जगभर गाजला. 2017 साली दुसऱ्या गटाने ते जनुक कायमचे काढून टाकून पाहिले, तर मेंदूच्या आकारात तसा फरक पडला नाही. फरक पद्धतीचा होता. आधीच्या कामात जनुक तात्पुरते गप्प करणारे रसायन टोचले होते, आणि अशा रसायनाने दिसणारे परिणाम जनुक खरोखर बदलल्यावर बहुतेक वेळा दिसत नाहीत, हे 2015 साली दुसऱ्या एका तपासणीत उघड झाले होते. मासा खोटे बोलला नव्हता. त्याला प्रश्न चुकीच्या रीतीने विचारला गेला होता. काही जण हे उदाहरण माशाचे संशोधन बंद करावे म्हणून देतात. मला त्यातून उलटे दिसते. एवढ्या मोठ्या नियतकालिकातला दावा पाच वर्षांत तपासला जाऊन दुरुस्त झाला, त्याचे एक कारण मासा स्वस्त आहे, लवकर वाढतो आणि दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच प्रयोग पुन्हा करता येतो. आपल्याकडे काम सुरू झाले तर पहिला नियम हाच असावा: जनुक कायमचे बदलूनच पाहायचे, कोणत्या खळग्यात काय घातले ते मोजणाऱ्याला माहीत नसावे, आणि आलेला निकाल दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत पुन्हा उतरल्याशिवाय वर्तमानपत्राला द्यायचा नाही.

आता वरुडच्या प्रश्नाकडे, म्हणजे फवारणीकडे येतो. पाच देशांच्या नोंदींवर आधारलेल्या 2019 च्या अभ्यासानुसार स्वमग्नतेचा साधारण 80 टक्के वाटा आनुवंशिक आहे. 2020 साली झालेल्या एका मोठ्या तपासणीत तिच्याशी जोडलेली 102 जनुके पुढे आली. म्हणजे फवारणीचा वाटा असलाच तरी तो एकट्याचा नाही. आधीच नाजूक असलेल्या खुंटावर पडणारा तो भार असू शकतो. हा गुंता माणसांच्या आकडेवारीतून सुटत नाही, कारण गरोदर बाईच्या घरात कोणता थेंब किती पोचला ते मोजता येत नाही. माशात मात्र दोन्ही गोष्टी हातात धरता येतात: एका बाजूला बदललेले जनुक, दुसऱ्या बाजूला मोजून मिसळलेले औषध. ऑरगॅनोफॉस्फेट ज्या विकरावर घाला घालते ते ॲसिटिलकोलिनेस्टरेज माणसात आहे तसे माशातही आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वीस वर्षांपूर्वीच दाखवले गेले, की पिल्लावस्थेत याच जातीच्या क्लोरपायरीफॉस या औषधाच्या पाण्यात काही दिवस ठेवलेले मासे वरवर धडधाकट वाढले, पण मोठेपणी दिशा शिकण्यात मागे पडले. औषधांच्या मंजुरीसाठी माशाच्या भ्रूणाची जी प्रमाणित चाचणी 2013 पासून जगभर मान्य आहे, ती मुख्यतः एवढेच विचारते की 96 तासांत किती भ्रूण मेले. जगलेले पुढे कसे जगले, हे तीत येत नाही. तो प्रश्न कुणीतरी विचारायला हवा.

आणि तो इथेच विचारायला हवा, कारण वेगळ्या प्रकारचे मिश्रण इथे बनते. कोळशी आणि सायला या किडी आल्या, फळगळ सुरू झाली, की शेतकरी एका पंपात दोन-तीन औषधे एकत्र करतो. वर टॉनिक म्हणून काही टाकतो. मजुरी वाचते, एकाच फेरीत काम उरकते. कागदावर प्रत्येक औषधाची तपासणी एकेकट्याची झालेली असते, पंपातल्या त्या काल्याची झालेली नसते. तीन औषधे, चार मात्रा आणि दोन जनुके धरली तरी शेकडो जोड्या तयार होतात. उंदरांवर एवढ्या जोड्या तपासायला एक आयुष्य पुरणार नाही. 96 खळग्यांच्या ताटल्यांत ते काम एका पावसाळ्यात होऊ शकते. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 च्या आसपास माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. तेव्हा सरकारने चौकशी केली. पुढे 2023 साली केंद्राने क्लोरपायरीफॉसचा वापर लिंबूवर्गीय फळांवर करायला मनाई केली. यवतमाळची चौकशी झाली ती माणसाच्या शरीरावर लगेच दिसलेल्या नुकसानीमुळे. सावकाश होणाऱ्या, नजरेला न दिसणाऱ्या नुकसानीची तपासणी वऱ्हाडात कोण करणार? मुंबई-हैदराबादच्या संस्था मोठ्या आहेत, पण वरुडच्या पंपात काय असते हे त्यांना कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. आपल्या विद्यापीठाकडे प्राणिशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाचे विभाग आहेत, आणि संत्र्याच्या घरातून शिकायला आलेली मुलेमुलीही आहेत.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप मला भीतीचा वाटतो. अशा संशोधनाची अर्धवट बातमी पसरली तर गावात काय होईल? मूल स्वमग्न आहे कळताच बोट आईकडे वळते. एके काळी तर प्रगत देशांतले डॉक्टरही थंड स्वभावाच्या आयांना दोष देत. उद्या त्याच घरात ‘तू बगीच्यात का गेलीस’ असे विचारले जाईल. लसींचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा, 1998 साली एका डॉक्टरने प्रसिद्ध केलेला खोटा निबंध 2010 साली मागे घेतला गेला, पण त्याने पेरलेली भीती आजही उगवते आहे. ही भीती खरी आहे, म्हणूनच आकडा नीट सांगायला शिकले पाहिजे. जगात साधारण शंभरात एक मूल स्वमग्न असते असे धरले, तर 60 टक्के वाढ म्हणजे शंभरात एकाऐवजी दीडपेक्षा थोडे जास्त. बाकीची अठ्ठ्याण्णव मुले तशीच. हे वाक्य ज्या बातमीत नसेल ती बातमी विद्यापीठाने देऊ नये. आणि काहीच न तपासल्याने भीती थांबते असे मुळीच नाही. उत्तर नसले की त्या जागी अफवा येते, आणि अफवा नेहमी बाईच्याच माथी येते.

दुसरा आक्षेप स्वमग्न माणसांचा आणि त्यांच्या पालकांचा आहे, आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. त्यांचे म्हणणे, आम्हाला नाहीसे करायचे संशोधन नको. आधी थेरपी द्या, शाळेत जागा द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचे नाव आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतल्या मुलांमध्ये तिची लक्षणे पाहायची तरतूद आहे आणि निदान झालेल्या मुलासाठी जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. पण शेंदूरजनाघाटहून अमरावतीला आठवड्यातून दोनदा एसटीने जाणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणे. थेरपिस्टच्या पगारातला एक रुपयाही माशांच्या टाकीसाठी वळवला गेला तर मी या विनंतीच्या विरोधात उभा राहीन. मी मागतो तो पैसा विज्ञान संशोधनाच्या निधीतला. शिवाय कोणता प्रश्न आधी घ्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत पालक आणि शक्य तिथे मोठी झालेली स्वमग्न माणसे हवीत. मूल रात्ररात्र झोपत नाही, फिट येते, पोट साफ होत नाही, यांचा त्रास मुलालाच होतो. त्यावर उपाय शोधणे म्हणजे मुलाला बदलणे नव्हे. वर सांगितलेल्या माशांनी नेमक्या याच त्रासांबद्दल काही सांगितले आहे.

राहिला माशांचा प्रश्न. ज्या संतांचे नाव विद्यापीठाला आहे त्यांनी मुक्या जिवांना अभय देण्याची शिकवण दिली, जत्रांतले बळी थांबवण्यासाठी गावोगाव कीर्तने केली. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात हा आक्षेप हलक्याने घेता येणार नाही. माशाला वेदना जाणवतात असे दाखवणारे प्रयोग 2003 पासून झाले आहेत आणि ते मला पटतात. म्हणून जमेल तेवढे काम पहिल्या पाच दिवसांच्या पिल्लांवर व्हावे. युरोपीय कायदा स्वतः अन्न घेऊ लागण्याआधीच्या पिल्लाला प्रयोगप्राण्यांत धरत नाही, यामागे त्याची जाणीव अजून पुरती घडलेली नसते असा विचार आहे. मोठ्या माशाला हाताळताना भूल द्यायलाच हवी. लवंगतेलातले द्रव्य त्या कामी येते. प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीच्या नियमांप्रमाणे परवानगी, नोंद आणि तपासणी व्हावी, आणि जे संगणकावर किंवा नुसत्या पेशींवर कळू शकते त्यासाठी एकही अंडे वापरू नये.

शेवटी एक व्यवहाराची मागणी. कॅलिफोर्नियाचा अभ्यास मुळात शक्य झाला, कारण तिथे 1990 पासून शेतात झालेल्या प्रत्येक फवारणीची नोंद सरकारला द्यावी लागते: कोणते औषध, किती, कोणत्या शिवारात, कोणत्या दिवशी. माशाच्या ताटलीत कोणत्या मात्रा घालायच्या हे आपल्यालाही तशाच नोंदीतून ठरवावे लागेल. विद्यापीठाने वरुड तालुक्यातले दहा-वीस बागायतदार निवडून आंबिया आणि मृग या दोन बहारांची फवारणी-वही त्यांच्याकडून लिहून घ्यावी. कृषी केंद्रांची बिले ताडून पाहावीत. विहिरीच्या आणि पाटाच्या पाण्याचे नमुने घ्यावेत. त्या वहीत जी मिश्रणे सर्वांत जास्त वेळा येतील, तीच पहिल्या ताटलीत जावीत. आणि निकाल काहीही येवो, ‘परिणाम दिसला नाही’ असा आला तरी, तो एका पानात, मराठीत, वही लिहिणाऱ्या प्रत्येक घरी आणि वरुड, शेंदूरजनाघाट, मोर्शी इथल्या प्रत्येक कृषी केंद्राच्या दारावर लागावा. वही लिहायला तयार असलेले शेतकरी गोळा करून देण्याचे काम आम्ही गावकरी करू. आंबिया बहाराची पहिली फवारणी सुरू होण्याआधी आपला होकार यावा, एवढीच अपेक्षा.

आपला,
शेंदूरजनाघाट येथील एक नागरिक